शिल्लक उतार

माथवाडीचा डोंगर बसने खाली आला, आणि त्याचं रीतसर तिकीट काढलेलं होतं. एकदम नाही आला. रोज थोडा थोडा आला, लोकांच्या मांडीवर बसून आला, गर्दी असली तर पायाशी बसून आला, आणि वाटेत त्याने कुणाला त्रास दिला नाही.

झालं असं, की खारवण्याच्या परिवहन उपक्रमाने माथवाडीला विजेची बस दिली. खारवणे खाली, खाडीला लागून. माथवाडी वर, जांभ्या दगडाच्या डोंगरावर. मध्ये सात वळणांचा घाट. ही बस उतरताना ब्रेक दाबला की वीज तयार करायची, पोटातल्या बॅटरीत साठवायची आणि चढताना तीच वीज वापरायची. उपक्रमाचे ऊर्जा-बचत अधिकारी खातूसाहेब यांनी पहिल्या दिवशी बसला हार घातला आणि सांगितलं, की उतारावर आजवर फुकट गेलेली वीज यापुढे जाणार नाही. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं. द्वारकाकाकीचंही नव्हतं. आणि द्वारकाकाकीचं एखाद्या गोष्टीवर काही म्हणणं नसणं म्हणजे माथवाडीत नवलच.

पण खातूसाहेबांचं तेवढ्यावर भागेना. बॅटरी उतारावरच भरत असेल तर डेपोत वायर लावून भरायची कशाला, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी डेपोतलं चार्जिंग काढून टाकलं आणि त्या जागी तुळशीची कुंडी ठेवली. मग पंचाईत सुरू झाली. आमची माणसं खाली जाताना हात हलवत जात आणि वर येताना तांदूळ, सिलिंडर आणि जावई घेऊन येत. बस पाचव्या वळणावर दम सोडायची, की उरलेला घाट सगळे सामान डोक्यावर घेऊन चालत. जावई फुगून बसत ते वेगळंच.

खातूसाहेब डोक्यावर बर्फ ठेवून काम करणारे गृहस्थ. त्यांनी विचार केला आणि नियम काढला. खाली जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाने माणशी एक चिरा बरोबर न्यायचा. चिरा म्हणजे जांभ्याचा घडवलेला दगड, ज्याने आमच्याकडे भिंती बांधतात. उतरताना गाडी जड, चढताना हलकी, की बॅटरी तुडुंब. चिऱ्याला लगेजचं तिकीट. उतरवलेला चिरा परत वर नेण्यास मनाई.

आमच्या लोकांना नियम आवडत नाही, पण चढाओढ भारी आवडते. एकाने एक चिरा नेला, तर शेजाऱ्याने दोन. शिमग्याला पालखीपुढे चिरे नाचवले. मुलगी सासरी निघाली की पाठवणीचा चिरा देण्याची पद्धत पडली. त्याला हळदकुंकू लावायचं आणि नवरीच्या शेजारी, खिडकीकडे बसवायचं. सुटे चिरे संपले तसे लोकांनी कुंपणाचे गडगे काढले, मग अंगणं खणली, आणि मग जो तो आपापल्या पायाखालचं कापू लागला. घरं उचलून खालच्या थरावर मांडायची, पुन्हा कापायचं. डोंगर उतरत गेला. घाटाची सात वळणं होती ती पाच झाली, पुढे तीन. खातूसाहेबांनी घाटाच्या बोर्डावरचा वळणांचा आकडा बदलून घेतला आणि प्रवासाचा वेळ वाचल्याबद्दल उपक्रमाचं अभिनंदन केलं.

खाली उतरलेले चिरे डेपोमागे पडत होते. त्यांचा ढीग वाढला तेव्हा डेपो ढिगावर नेला. मग बाजारपेठ म्हणाली, आम्हालाही उचला, भरतीला दुकानांत खाडीचं पाणी शिरतं. तीही उचलली. खारवणे वर सरकत होतं, माथवाडी खाली येत होती, आणि दोन्ही गावं खूश होती.

एक द्वारकाकाकी तेवढी चिरा नेत नव्हती.

काकीचं घर डोंगराच्या टोकाला, उघड्या कातळावर. दोन खोल्या आणि पुढे सपाट, काळपट, उन्हाने तापणारा दगड. तिचं सगळं पोट त्या कातळावर होतं. उन्हाळ्यात ती तिथे आमसुलं वाळवायची, फणसाचे पापड घालायची, आंब्याची साटं लावायची. वरून ऊन, खालून तापलेला दगड आणि चहूबाजूंनी वारा. असं वाळवण खारवण्यात कुणाचंच होत नसे. नवरा गेल्यावर तिने त्या कातळावर दोन मुली वाढवल्या, शिकवल्या, नांदायला पाठवल्या. तो कातळ तिचा होता, यात तिला काडीची शंका नव्हती.

"काकी, चिरा?" कंडक्टर सुलभा घाग रोज विचारायची.

"नाही गो."

"मग परत वर कशा येणार?"

"तिकीट काढून. नेहमी येते तशी."

सुलभाला वाईट वाटायचं. ती काकीच्या धाकट्या मुलीबरोबर शाळेत होती. पण नोकरी ती नोकरी. शेवटी तिला वरिष्ठांना कळवावं लागलं, आणि खातूसाहेबांनी बॅटरीला सूचना दिली, की ज्याची वीज त्याच्या नावावर धरावी. बॅटरीने सूचना मानली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बस काकीला घेऊन घाट चढू लागली आणि दुसऱ्या वळणावर उभी राहिली.

ड्रायव्हर रज्जाक मुकादमने डॅशबोर्डवर बघितलं. "काकी, तुमच्या नावाची संपली."

"बरं."

"तुम्ही उतरलात तर गाडी जाईल."

"मी तिकीट काढलंय माथवाडीचं. माथवाडी आली का?"

"नाही."

"मग कशाला उतरू?"

मागून गोपाळ बने उठला. हा काकीचा अगदी लगतचा शेजारी, चिरे नेण्यात माथवाडीत पहिला, आणि त्याबद्दल उपक्रमाकडून शाल मिळालेला. "काकी, तुझ्या एकटीपायी आम्ही सगळ्यांनी का खोळंबायचं? एक चिरा न्यायला काय जड जातं तुला?"

"गोपाळ, तू चिरे नेलेस. तुझं अंगण कुठे आहे आता?"

"ते निराळं."

"पूर्वी तुझ्या ओसरीवरून समुद्र दिसायचा. आता काय दिसतं?"

"तुझा कातळ दिसतो," गोपाळ म्हणाला, आणि त्याचा त्यालाच राग आला. "उतर म्हणतो ना."

"नाही उतरत जा."

काकी पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली. अर्धा तास गेला. कुणाच्या घरी म्हशीची धार काढायची होती, कुणाची पोरं उपाशी होती. एकेक जण पुटपुटत उतरला आणि सामान घेऊन चालू लागला. गोपाळ सगळ्यांत शेवटी, पाय आपटत. तो उतरल्यावर बॅटरीत त्या सगळ्यांची वीज तशीच शिल्लक राहिली, आणि नियमात शिल्लक विजेबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. बस हलली. एकट्या काकीला घेऊन ती सगळ्या चालणाऱ्यांच्या शेजारून घाट चढून गेली. रज्जाकने हॉर्न वाजवला नाही, तेवढी त्याने लाज राखली.

त्यानंतर माथवाडीने काकीशी बोलणं टाकलं. तिची आमसुलं कुणी घेईना. आजूबाजूचा डोंगर उतरत गेला आणि तिचा कातळ तेवढा वर राहिला, चहूबाजूंनी तासलेला. गोपाळचं घर तिच्या घराला लागून होतं ते आता दोन पुरुष उंचीइतकं खाली गेलं. पूर्वी त्याची बायको गडग्यावरून विरजणाची वाटी मागायची. आता ती खालून हाक मारायची, नवरा बाहेर गेला की, आणि काकी बादलीला दोर बांधून दही सोडायची. त्याबद्दल दोघी कुणाशी बोलल्या नाहीत.

उपक्रमाचं दुखणं मात्र वाढत होतं. डोंगर जितका बुटका, तितकी एका चिऱ्यामागे वीज कमी. आणि खातूसाहेबांना गेल्या वर्षीपेक्षा जास्त बचत दाखवायची होती. त्यांनी एक दिवस डेपोच्या गच्चीवर उभं राहून सगळीकडे नजर फिरवली. उंच असं एकच काही दिसलं.

चैत्रात ते स्वतः शिडी लावून काकीच्या कातळावर चढले. मागोमाग सुलभा खुर्ची घेऊन चढली. साहेब खुर्चीवर बसले, काकी उंबऱ्यावर बसली. सुलभा उभी राहिली.

"द्वारकाबाई," साहेब म्हणाले, "उपक्रमाच्या दृष्टीने हा शिल्लक उतार आहे."

"हा कातळ आहे."

"कातळ आहेच. पण खाली नेला की त्याचा उतार होतो. तो उतार तुम्ही वापरत नाही. वापरात नसलेला उतार पडून ठेवणं हा अपव्यय आहे."

"मी त्यावर आमसुलं वाळवते."

"आमसुलांना उंचीची गरज असल्याचं आमच्या पाहणीत आढळलेलं नाही."

"तुमच्या पाहणीने कधी आमसूल वाळवलंय?"

साहेबांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरोखर वाटत होतं, की ते गावाचं भलं करतायत, आणि अशा माणसाशी भांडणं सगळ्यांत कठीण. त्यांनी सांगितलं, की घर एकेक चिरा सुटा करून खाली नेलं जाईल, तिकीट उपक्रम काढेल. खारवण्यात नव्या भरावावर जागा मिळेल. वाऱ्याची अडचण असेल तर पंखा मिळेल, आणि तो बचतीच्या विजेवर चालेल.

"म्हणजे माझा वारा घ्यायचा आणि त्याचा पंखा करून मला द्यायचा," काकी म्हणाली.

"साधारण तसंच."

"साहेब, एक सांगा. ही बस कशासाठी आहे?"

"माथवाडीच्या लोकांना वर जाता यावं म्हणून."

"आणि वर काही उरलंच नाही तर?"

साहेबांनी विचार केला. "तर मार्ग अत्यंत कमी विजेवर चालेल," ते म्हणाले. आणि ही कल्पना त्यांना इतकी आवडली, की त्यांचा चेहरा उजळला.

त्यावर काकी उठली. "मला राग येतोय," तिने सांगितलं. "म्हणून आता तुम्ही उतरा. मी देणार नाही. पंख्यावर नाही, भरावावर नाही, शालीवर नाही. देणार नाही म्हणजे नाही."

"उद्या माणसं येतील," साहेब म्हणाले आणि शिडीकडे वळले. सुलभा खुर्ची उचलून त्यांच्यामागे उतरली.

त्या संध्याकाळी काकीला पहिल्यांदा भीती वाटली. तिने मुलींना फोन लावला. थोरली म्हणाली, आई, आमच्याकडे ये राहायला. धाकटी म्हणाली, आई, आमच्याकडेच ये. काकीने दोघींना बरं म्हटलं, फोन ठेवला आणि थोडं रडून घेतलं. मग डोळे पुसून ती मागच्या खोलीत गेली. तिथे फोडलेल्या रातांब्यांच्या सालांनी भरलेल्या टोपल्या होत्या, आणि शेजारी कुणी घेत नाही म्हणून राहिलेली गेल्या वर्षीची आमसुलं.

सकाळी माणसं आली. पहारी, कुदळी, गोपाळ बने पुढे. ती शिड्यांवरून चढली आणि काठावरच थांबली.

कातळावर पाय ठेवायला जागा नव्हती. उंबऱ्यापासून कड्यापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काकीने आमसुलं पसरली होती. लाल, ओली, रसाने चमकणारी. बोटभर फट नव्हती.

आता आमच्याकडे माणूस सख्ख्या भावाच्या बांधावर पाय देईल, वाळवणावर देणार नाही. खाण्याच्या वस्तूला पाय लागला तर म्हातारी माणसं दिवसभर कानाची पाळी धरून फिरतात. शिडीवरची माणसं शिडीवरच राहिली. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, ते ओरडत होते, पुढचे "अरे वाळवण आहे" म्हणून सांगत होते. ते ऐकल्यावर मागचेही गप्प झाले.

"उचल ती," गोपाळ म्हणाला.

"ओली आहेत."

"कधी वाळतील?"

"वाळली की रसात बुडवून पुन्हा घालायची. पुट द्यायला लागतं. तुझ्या आईला ठाऊक होतं, तुला नाही?"

गोपाळला ठाऊक होतं. त्याने मान खाली घातली आणि माणसं खाली उतरली. खातूसाहेबांना कळवलं. साहेबांनी वाळवण हा अडथळा वैध धरला, कारण त्यांनाही आई होती. मृगापर्यंत थांबू, ते म्हणाले, मग तिला उचलावंच लागेल.

काकीने पुट दिलं. वाळलं, पुन्हा दिलं. आमसुलांना लागतात त्याहून कितीतरी जास्त पुटं दिली. ती काळी कुळकुळीत झाली आणि तोंडात धरवेनात इतकी आंबट. ती थकून जायची. कंबर धरायची. आभाळात ढग दिसला की पुन्हा पुन्हा बाहेर येऊन बघायची. पण रोज सकाळी कातळ भरलेला असायचा, आणि रोज कुणीतरी शिडीवरून डोकावून बघून परत जायचं.

तोवर उपक्रमाला थांबून चालणार नव्हतं. काकीचा कातळ मिळत नाही म्हणून उरलेल्या माथवाडीतून दुप्पट चिरे निघू लागले. शाळेचं मैदान गेलं, देवळामागची टेकडी गेली. तिसरं वळण गेलं, दुसरं गेलं, पहिलंही गेलं. आणि वैशाख सरत असताना एका सकाळी रज्जाकने बस काढली, ती अर्ध्या वाटेवर आली, आणि थांबली. त्याने ब्रेक सोडला. गाडी पुढे गेली नाही. मागेही गेली नाही.

सुलभाने खाली उतरून रस्त्यावर पाण्याची बाटली आडवी ठेवली. ती घरंगळली नाही.

माथवाडी आणि खारवणे एका पातळीत आले होते. उतार संपला होता. बॅटरीत टिपूस नव्हता, आणि डेपोतल्या चार्जिंगच्या जागी तुळस चांगली फोफावली होती. ती काढायला कुणी तयार होईना.

लोकांनी कपाळाला हात लावले. घरात सिलिंडर संपलेले, खाडीपर्यंतचं अंतर तेवढंच. चढ नसला तरी चार कोस ते चार कोस, आणि चालायची सवय मोडलेली. पहिल्या दिवशी लोक बसमध्येच बसून राहिले, सवयीने. दुसऱ्या दिवशी मान वर करून बघू लागले. सगळ्या मुलखात आता एकच उंच जागा होती. बस एकदा तिथे चढवून खाली सोडली, तर बॅटरी भरणार होती.

खातूसाहेब आले. त्यांच्याबरोबर रज्जाक, सुलभा, गोपाळ बने आणि बहुतेक माथवाडी होती. साहेब शिडी चढले आणि शेवटच्या पायरीवर, वाळवणाच्या काठाशी उभे राहिले.

"द्वारकाबाई, कातळ राहू दे," ते म्हणाले. "उपक्रमाला तो आता आहे तिथेच हवा आहे."

"मला पण तिथेच हवाय."

"बसला त्याच्यावरून खाली उतरण्याची परवानगी द्यावी, अशी विनंती आहे."

काकीने आमसुलं परतणं थांबवलं. "बस वर येणार कशी?"

"तोच प्रश्न आहे. रस्ता नाही."

"होता. सात वळणांचा होता. तुम्ही कापून नेलात."

गोपाळची बायको गर्दीत उभी होती, तिने नवऱ्याकडे बघितलं.

"आता यावर उपाय काय?" साहेबांनी विचारलं.

"आणा परत."

"उतरवलेला चिरा वर नेण्यास मनाई आहे."

"मग बसा तिथेच," काकी म्हणाली. "मी उतरणार नाही, कातळ उतरणार नाही. मला घाई नाही. माझ्या घरात दोन वर्षांची आमसुलं आहेत."

नियम साहेबांनीच केला होता, म्हणून तो मोडायचा तर त्यांनाच मोडावा लागणार होता, आणि त्यांनी आयुष्यात नियम मोडला नव्हता. ते खाली उतरले. कुणाशी न बोलता खारवण्याच्या दिशेने चालत गेले. लोकांना वाटलं, गेले घरी.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ते परत आले. सदरा घामाने भिजलेला, बूट हातात घेतलेले, आणि खांद्यावर एक चिरा. कातळाच्या पायथ्याशी येऊन ते थांबले. त्यांना बोलायला दम नव्हता. गोपाळ पुढे झाला आणि त्यांच्या खांद्यावरून चिरा घेऊ लागला.

"त्यांचा त्यांना आणू दे," काकी वरून म्हणाली. "तू तुझा आण."

गोपाळने हात मागे घेतला. मग तो खारवण्याच्या वाटेला लागला. त्याच्या मागे रज्जाक गेला. सुलभाने तिकिटांचं मशीन बसच्या सीटवर ठेवलं, पदर खोचला आणि तीही निघाली. मग बाकीचे.

साहेबांनी चिरा कातळाच्या कुशीत टेकवला.

"तिथे नको," काकी म्हणाली. "पार तिकडे खाली ठेवा. घाट खालून सुरू होतो."

त्यांनी चिरा पुन्हा उचलला, ती दाखवत होती तिथवर नेला आणि नीट ठेवला. मग मान वर करून विचारलं, "असे किती लागतील?"

"डोंगर होईपर्यंत."

"ठीक आहे," खातूसाहेब म्हणाले, आणि पुढचा चिरा आणायला निघाले.